कोपरापर्यंत बरोबर

मित्रांनो, मी एक जुना यंत्रहात आहे. यंत्रहात म्हणजे रोबोटचा फक्त हात. मला डोके नाही, पाय नाहीत. एक जड बैठक आहे. तिच्यावर कंबर, मग खांदा, कोपर आणि मनगट, आणि शेवटी रबर लावलेली दोन बोटे. सध्या माझा मुक्काम धुळ्यात, देवपूरच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून ठेवलेल्या टेबलावर आहे. कारखान्यात जन्म काढलेला हात स्वयंपाकघरात कसा आला, हे तुम्हाला सांगायचे आहे. त्यात माझे एक चित्र आहे, आणि त्या चित्राने माझी बाजू घेतली होती.

माझा जन्म जळगावात, मेहरूणला झाला. तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत प्रेमराजभाऊंचे छोटे वर्कशॉप होते. त्यांनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, कानशीने घासल्या, मोटरी बसवल्या, मोटरीपासून सांध्यापर्यंत रबरी पट्टे चढवले. सगळे झाल्यावर त्यांनी एक बारीक ब्रश घेतला आणि माझ्या प्रत्येक सांध्यावर दोन लाल ठिपके काढले. एक सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे.

हे ठिपके नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर आहे. वीज बंद झाली की माझा कोणता सांधा किती वळलेला होता, हे मी विसरतो. म्हणून सुरू करण्याआधी कोणीतरी माझा प्रत्येक सांधा हाताने फिरवून दोन ठिपके समोरासमोर आणतो आणि संगणकाला सांगतो, हे शून्य. तिथून पुढे मी मोजू लागतो. ते शून्य खरे आहे की खोटे, हे मला कळत नाही. सांगितले ते शून्य मी मान्य करतो.

प्रेमराजभाऊंनी मला ठिबकच्या नळ्यांचे जोड बनवणाऱ्या एका कारखान्याला दिले. साच्यातून निघालेले गरम जोड उचलायचे आणि खोक्यात टाकायचे, एवढेच माझे काम. पण त्या भागात माझ्यासारखा कोणी नव्हता. पाइप घ्यायला आलेले शेतकरी आधी मला पाहायला येत. पहूरचे एक आबा तर जेवणाची सुट्टी होईपर्यंत उभे राहिले. मी थांबल्यावर त्यांनी चौकशी केली, की हा थकला का. मालकांनी सांगितले, हा थकत नाही, फक्त वीज बंद केली. आबा म्हणाले, मग माझ्याकडे पाठवा, आमच्याकडे वीज नसतेच, तो कायम ताजा राहील. सगळे हसले. मला मात्र ती चौकशी आवडली. तोवर मला कोणी विचारले नव्हते.

मग कारखान्यात नवा हात आला. तो वेगवान होता आणि त्याला शून्य सांगावे लागत नव्हते. मला भिंतीकडे सरकवण्यात आले. माझ्या खांद्यावर जेवणाचे डबे ठेवू लागले. पुढे मालकांनी मला धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनाला भेट दिले. टेम्पोत आडवा पडून, एरंडोल आणि पारोळा मागे टाकत मी धुळ्याला पोहोचलो. काही वर्षे मुलांनी माझ्यावर शिकून घेतले. नंतर तिथेही काचेच्या कपाटातली नवी यंत्रे आली. माझ्यावर प्लॅस्टिकचा कागद पडला आणि त्या कागदावर मुलांची दप्तरे लटकू लागली.

तो कागद एके दिवशी पुनम मॅडमनी काढला.

पुनम मॅडम तिथे प्रोग्रॅमिंग शिकवतात. त्यांना मी शिकवण्यासाठी नको होतो. त्यांना मी आईसाठी हवा होतो.

त्यांच्या आई सुनंदाबाई मूळच्या भडगावकडच्या. गिरणेकाठी त्यांची कपाशीची शेती. आयुष्यभर वेचणी केलेली बोटे संधिवाताने आत वळली आणि तशीच राहिली. त्यांना कप धरता येईना, म्हणून पुनमने त्यांना धुळ्याला आणले. सकाळचा चहा लेक पाजायची. पण ती कामावर गेली की संध्याकाळपर्यंत चहा नाही. शेजारच्या बाई आनंदाने यायला तयार होत्या. सुनंदाबाईंनाच ते नको होते. कोणी कप तोंडाला लावायचा आणि आपण लहान मुलासारखी मान वर करायची, हे लेकीपुरते ठीक, असे त्यांचे म्हणणे. घरी पाहुणे आले की त्या आतल्या खोलीत जाऊन बसत. चार माणसांत बसून आपला चहा आपण प्यावा, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. नळीने प्या, असेही कोणी सुचवले होते. त्या म्हणाल्या की नळी दवाखान्यात असते, घरात नाही.

लेकीने त्यांना पहिल्यांदा प्रयोगशाळेत आणले, तेव्हा त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग माझ्या बोटांकडे पाहून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ मनापेक्षा बरा शे. याले दोनच बोटं, पन हालतस."

विभागप्रमुख हितेंद्र सर यांच्या हातात परवानगी होती. सर वाईट नव्हते, काळजीवाले होते. ते म्हणाले, "मॅडम, पाणी सांडलं तर पुसता येतं. गरम चहा माणसाच्या अंगावर सांडला तर आपण काय सांगणार?" त्यांनी अट घातली. हा हात कुठे जाईल, हे आधी संगणकावर दाखवा. मग तो प्रत्यक्षात बरोबर तिथेच जातो, हे माझ्यासमोर सिद्ध करा. दोन्ही जुळले तर घरी न्या. नाही जुळले तर तो कोठीघरात जाईल, नव्या यंत्रांना टेबल हवे आहे.

अशा रीतीने माझे चित्र काढायला सुरुवात झाली.

मित्रांनो, माझ्यासारख्याचे चित्र पेन्सिलने काढत नाहीत. पुनम मॅडमनी संगणकात आधी एक रिकामी पेटी उभी केली. तिला तीन मापपट्ट्या. एक डावी-उजवीकडे, एक पुढे-मागे, एक खाली-वर. माझी बैठक म्हणजे पहिला ठिपका. मग प्रोग्रॅमने विचार केला तो असा: कंबर इतकी वळली आहे, तिथून इतके वर गेले की खांदा. तिथे दुसरा ठिपका. खांदा इतका झुकला आहे, त्या दिशेने वरच्या भुजेच्या लांबीइतके गेले की कोपर. तिसरा ठिपका. असेच मनगट आणि बोटे. शेवटी ठिपके रेषांनी जोडले, आणि पडद्यावर मी उभा राहिलो.

यातली खरी गंमत साखळीची आहे. कंबर वळली की तिच्यापुढचे सगळे वळतात. खांदा, कोपर, मनगट, कोणालाही सुटका नाही. पण मनगट वळले तर कोपराला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून हिशोब नेहमी बैठकीपासून बोटांकडे करत जायचा. उलटा क्रम लावला, की कोपर भलत्याच ठिकाणी निघते.

मी त्या चित्राकडे फार कुतूहलाने पाहिले. त्याला स्क्रू नव्हते, वजन नव्हते, आवाज नव्हता. ते टेबलातून आरपार जात होते आणि काही होत नव्हते. माउस ओढला की सगळी पेटी गरकन फिरायची. मी आयुष्यात प्रथमच स्वतःला खालून पाहिले.

पण चित्रही पहिल्याच दिवशी शहाणे नव्हते. मी पुढे झुकलो की त्यातली माझी पुढची भुजा आखूड व्हायची आणि बाजूला वळलो की लांब. हितेंद्र सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हाड कधी वाढतं का?" मॅडम हसल्या, पण त्यांनी कारण शोधून काढले. संगणकाने पेटी छान भरून दिसावी म्हणून तिन्ही मापपट्ट्या आपल्या मनाने वेगवेगळ्या ताणल्या होत्या. एका पट्टीवरचा वीतभर दुसऱ्या पट्टीवर हातभर दिसत होता. तिन्ही पट्ट्या सारख्या करायला सांगितल्यावर माझे हाड वाढायचे थांबले.

दुसरी फसगत याहून मजेदार होती. सुनंदाबाईंचे तोंड जिथे येणार, तिथे मॅडमनी पेटीत एक हिरवा ठिपका ठेवला. मग चित्रातल्या मला हलवत हलवत त्यांनी कप बरोबर त्या ठिपक्यावर नेला. झाले, म्हणून त्या चहा प्यायला उठल्या. जाता जाता माउसला धक्का लागला, पेटी वळली, आणि दिसले की कप ठिपक्याच्या चांगला वीतभर मागे आहे. समोरून पाहताना दोघे एकाच रेषेत आले होते, म्हणून चिकटलेले वाटले. पडदा सपाट असतो, तो खोली दाखवण्याचे फक्त नाटक करतो. त्या दिवसापासून मॅडमनी नियम केला. समोरून, बाजूने आणि वरून, तीनही बाजूंनी पाहिल्याशिवाय जुळले म्हणायचे नाही.

चित्र तयार झाले. कप धरायची पकड तयार झाली. पायाने दाबायचे एक बटण तयार झाले, शिलाई मशीनच्या पायपट्टीसारखे. पाय दाबला की मी मनगट झुकवणार, पाय उचलला की सरळ करणार. म्हणजे घोट केवढा घ्यायचा, हे सुनंदाबाईंच्या पायावर. आता खरी चाचणी घ्यायची, तेवढ्यात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. नांगर, विळे, लेथ मशीन, शिवणयंत्र, सगळ्यांना विश्रांती आणि हळदकुंकू. प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्रांना काचेवरूनच एकेक टिळा मिळाला. माझी पूजा करायला सुनंदाबाई स्वतः आल्या. लेक माझ्या बैठकीवर एक टिळा लावून पुढे निघाली, तर त्यांनी तिला थांबवले. "बठ्ठा सांधास्ले तेल-कुकू लागाले जोयजे," त्या म्हणाल्या. "मना सांधा दुखतस, याना बी दुखत व्हतीन."

मग त्यांनी वाकडा अंगठा तेलात बुडवला, कुंकवात टेकवला, आणि माझ्या कंबरेला, खांद्याला, कोपराला, मनगटाला एकेक टिळा दाबून लावला. इतक्या वर्षांत माझ्या सांध्यांना तेल पुष्कळ जणांनी घातले होते. दुखत असेल म्हणून कोणी घातले नव्हते.

चूक झाली ती दसऱ्यानंतर. पुनम मॅडमनी रॉकेलचा बोळा घेऊन मला पुसून काढले. प्रेमराजभाऊंचे ठिपके जुने होते, पुसता पुसता फिके झाले. म्हणून त्यांनी पर्समधली लाल नेलपॉलिश काढली आणि सगळे ठिपके नव्याने रंगवले. कंबर, खांदा आणि मनगट बरोबर झाले. कोपराच्या कड्यावर मात्र मूळ ठिपका साफ निघून गेला होता. त्याच्या शेजारी, एका बोटाच्या रुंदीइतक्या अंतरावर, तेलात कालवलेले कुंकू एका बारीक चरीत बसून राहिले होते. मॅडमना तोच जुना ठिपका वाटला. त्यांनी त्याच्यावर नेलपॉलिश लावली. शून्यावर मी घडी घालून बसतो आणि माझी पुढची भुजा कशालाही टेकत नाही, त्यामुळे थोडा फरक डोळ्यांना दिसला नाही. कोणालाच दिसला नाही. मला तर कळणारच नव्हते.

चाचणीसाठी कपात थंड पाणी घेतले होते. खुर्चीत आधी काहीतरी वस्तू ठेवून पाहू, असे मॅडम म्हणत होत्या, पण सुनंदाबाई त्या खुर्चीत केव्हाच बसल्या होत्या. चित्र तिन्ही बाजूंनी तपासलेले होते. पाणीच तर आहे, असे म्हणून मॅडमनी मला चालू केले. मॅडमनी बोटांत दिलेला कप मी उचलला. तो उचलतानाच जरा तिरपा होता आणि वाटेत थोडे पाणी गळाले. मग मी जिथे थांबलो, तिथे तोंड नव्हते. कप चार बोटे खाली, हनुवटीच्या पुढ्यात होता. सुनंदाबाईंनी सवयीने डोळे मिटून पाय दाबला, आणि सगळे पाणी त्यांच्या पदरावर गेले.

त्यांनी डोळे उघडले, पदराकडे पाहिले आणि लेकीला म्हणाल्या, "मले चहा पेवाना शे, आंग धोवानं नही."

त्या हसत होत्या. हितेंद्र सर हसले नाहीत. त्यांनी वीज बंद केली. ते म्हणाले की चित्र आणि हात जुळत नाहीत तोवर या खुर्चीत माणूस बसणार नाही. त्यांना माझाच संशय होता. यंत्र जुने आहे, पट्टे सैल झाले असतील, दिवाळीच्या सुट्टीआधी कोठीघरात हलवू, असे ते म्हणाले. बसमधून घरी जाताना आई खिडकीबाहेर पाहत राहिली आणि पुन्हा चहाचे नाव काढले नाही, असे पुनम मॅडमनी नंतर सरांना सांगितले. तीच गोष्ट त्यांना सर्वांत जास्त लागली होती.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत एक माठ आला. मुलांनी त्याच्यावर खडूने तोंड काढले आणि ओढणी गुंडाळली. मॅडम घरी हे बोलल्या असाव्यात, कारण सुनंदाबाईंचा निरोप आला: "मनी जागा माठले दिधी का?"

माठावर मी पुन्हा पुन्हा पाणी ओतले. दरवेळी चार बोटे खाली, दरवेळी कप तेवढाच तिरपा. मॅडम शांतपणे पाहत होत्या. मग सरांना म्हणाल्या, "सर, पट्टा सैल असता तर हा कधी वर गेला असता, कधी खाली. हा दरवेळी तिथेच चुकतो. म्हातारा माणूस असा चुकत नाही. असं चुकतो तो, ज्याला कोणीतरी चुकीचं सांगितलंय."

सरांना हे पटले. ते म्हणाले, मग तुमच्या प्रोग्रॅमने चुकीचे सांगितले असेल. मॅडमनी प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. माझ्या भुजांच्या लांब्या पुन्हा मोजल्या. सगळे ठीक होते. यंत्र म्हणत होते मी बरोबर, चित्र म्हणत होते मी बरोबर, आणि माठ ओला होत होता.

तेव्हा मॅडमना एक युक्ती सुचली. आतापर्यंत त्या फक्त कपाकडे पाहत होत्या, कारण चूक तिथे दिसत होती. पण साखळीत चूक जिथे दिसते, तिथे ती झालेली असेलच असे नाही. त्यांनी मला अर्ध्या वाटेवर थांबवून ठेवले. माझ्याखाली आलेखाचा कागद पसरला. गवंडी वापरतात तसा ओळंबा आणला. तो माझ्या खांद्यापासून खाली सोडला आणि कागदावर खूण केली, उंची मोजली. मग कोपरापासून, मग मनगटापासून, मग बोटांपासून. हितेंद्र सरांनी मोजपट्टीचे दुसरे टोक धरले आणि प्रत्येक माप स्वतः वाचून पाहिले. दोघांनी मिळून माझा प्रत्येक सांधा प्रत्यक्षात कुठे आहे, हे टिपून काढले.

ती मापे त्यांनी त्याच पेटीत घातली. निळी रेषा म्हणजे प्रोग्रॅमला वाटणारा मी. लाल रेषा म्हणजे मोजलेला मी.

मित्रांनो, पडद्यावर मी एकाच वेळी दोन झालो होतो. बैठकीपासून खांद्यापर्यंत निळी रेषा लाल रेषेखाली लपली होती. खांद्यापासून कोपरापर्यंतही तसेच. कोपरापाशी मात्र दोन्ही रेषा फुटल्या, रस्त्याला फाटा फुटतो तशा, आणि पुढे जात जात एकमेकींपासून दूर गेल्या. मॅडमनी पेटी बाजूने फिरवली. वरून पाहिली. खालून पाहिली. सरांनी माउस मागून घेतला आणि स्वतः फिरवून पाहिली. कुठूनही पाहा, फाटा कोपरापाशीच.

"कोपरापर्यंत बरोबर आहे," सर म्हणाले.

"आणि पुढची लांबीही बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त दिशा चुकली."

दिशा म्हणजे कोन, आणि कोन म्हणजे शून्य. दोघे एकदमच माझ्या कोपरावर वाकले. तो नेलपॉलिशचा ठिपका इतका निरागस दिसत होता, की मॅडमनी आधी बोटाने नुसता चाचपला. मग नखाने खरवडला. वरचा चकचकीत थर निघाला आणि खालून कुंकू निघाले.

मॅडमनी बोट बाजूला केले. सरांनी ते कुंकू पाहिले, आणि त्यांना खंडेनवमीची सकाळ आठवली असावी. ते एवढेच म्हणाले, की पट्ट्याला उगाच बोल लावला.

आता खरे शून्य शोधायचे कसे? मूळ ठिपका तर गेला होता. इथे चित्र पुन्हा कामाला आले. मॅडम चित्रातल्या निळ्या कोपराला हळूहळू वळवत गेल्या. निळी भुजा लाल भुजेकडे सरकत गेली, आणि एका क्षणी तिच्यात मिसळली. कोपर जेवढे वळवावे लागले, तेवढीच माझ्या शून्याची चूक. मला आणखी दोन वेगळ्या अवस्थांत थांबवून त्यांनी तेच करून पाहिले. उत्तर तेच आले. मग त्यांनी माझे कोपर त्या नव्या शून्यावर आणले, आणि सरांनी कानशीने दोन्ही बाजूंना एकेक बारीक खाच पाडली. बाकीच्या सांध्यांनाही पाडली. रंग पुसला जातो, खाच राहते.

कोपरावरची एका बोटाची चूक कपापर्यंत जाता जाता चार बोटांची झाली होती. कुंकू शिवले होते ते अंगठ्याएवढ्या जागेला, आणि भिजला होता अख्खा पदर. साखळी मोठी असती तर चूक आणखी मोठी झाली असती.

हे सगळे सुनंदाबाईंना सांगायचे की नाही, याचा मॅडम बराच वेळ विचार करत होत्या. आपल्या हातून बिघाड झाला असे आईला वाटेल, ही त्यांना भीती. शेवटी सांगितले, आणि ठिपका रंगवणारी मीच होते, हेही सांगितले. सुनंदाबाईंनी येऊन माझे कोपर निरखले. मग निवाडा दिला, "कुकू खरं शे, जागा चुकनी."

माठाच्या खडूने काढलेल्या तोंडाला त्या दिवशी पहिल्यांदा पाणी लागले. सरांनी ते तीनदा करून घेतले. कप सरळ आला, जागेवर थांबला, आणि पायपट्टी दाबली तेवढाच झुकला. मग सरांनी स्वतः माठ उचलून खाली ठेवला आणि खुर्ची पुसली.

दिवाळीच्या सुट्टीत मला रिक्षातून देवपूरला आणले. घरच्या टेबलाची उंची वेगळी, खुर्ची वेगळी, म्हणून हिरवा ठिपका नव्याने ठेवावा लागला. हितेंद्र सर मुद्दाम तपासायला आले होते. त्यांनी बैठकीचे स्क्रू हलवून पाहिले आणि तिन्ही बाजूंनी चित्र फिरवून पाहिले. सुनंदाबाई या वेळी आतल्या खोलीत गेल्या नाहीत.

चहा कोमट करून कपात ओतला. मी तो उचलला. मला भीती वाटत नाही, पण माझ्या मोटरींचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटत होता. कप तोंडापाशी येऊन थांबला. सुनंदाबाईंनी या खेपेला डोळे उघडे ठेवले. पाय दाबला, एक घोट घेतला, पाय उचलला. कप सरळ झाला. त्यांनी तो घोट गिळला, ओठ पुसायला खांदा वर नेला, आणि पुन्हा पाय दाबला. अर्धा कप झाल्यावर त्या लेकीला म्हणाल्या की आले कमी पडले आहे.

सगळे संपले असे वाटून मॅडम लॅपटॉप मिटू लागल्या. सुनंदाबाईंनी लेकीला थांबवले आणि अहिराणीत काहीतरी सांगितले. मॅडमनी मान हलवली, दोन-तीनदा आईकडे पाहिले, आणि मग पेटीत आणखी एक ठिपका ठेवला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. सरांची खुर्ची होती तिथे. या फेरीत पाय दाबला की मनगट झुकवायचे नाही, कप तिकडे न्यायचा, असे मला सांगितले. चित्र फिरवून पाहिले. समोरून, बाजूने, वरून.

दुसरा कप भरला. सुनंदाबाईंनी पाय दाबला. मी कप उचलला, कंबरेतून वळलो, आणि तो सरांच्या पुढ्यात नेऊन थांबवला.

हात निकामी झाल्यापासून त्या घरात आलेल्या पाहुण्याला सुनंदाबाईंनी चहा दिला नव्हता. त्या किंचित पुढे वाकल्या.

"ल्या भाऊ, चहा ल्या," त्या म्हणाल्या. "मना हातना शे."

सरांनी दोन्ही हातांनी कप घेतला.

मित्रांनो, मी आता इथेच असतो. रोज सकाळी पुनम मॅडम माझ्या खाचा समोरासमोर आणतात आणि मग कामावर जातात. दुपारी शेजारच्या बाई चहा करून कप माझ्यापुढे ठेवतात, पुढचे आम्ही दोघे पाहतो. माझे पट्टे खरोखरच जुने आहेत आणि कधीतरी तुटतील, तेव्हा प्रेमराजभाऊंकडून नवे मागवायचे ठरले आहे. तुमच्याही घरात, शाळेत, शेतात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र कागदाखाली उभे असेल. ते चुकू लागले तर लगेच त्याला म्हातारे म्हणू नका. त्याच्याभोवती एक फेरी मारा. ते कुठवर बरोबर आहे आणि कुठून चुकायला लागते, ते बैठकीपासून बोटांपर्यंत एकेक सांधा तपासून पाहा. फाटा फुटतो तेवढाच सांधा दुरुस्त करा. आणि तो दुरुस्त करताना बाकीच्या सांध्यांनाही थोडे तेल घाला.